साळूबाईची खरवड

भांडी माणसांना फाडफाड बोलायची, त्या काळची ही गोष्ट. साळूबाईची भरली वांगी शिजू लागली की शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून दारात यायचे. पंगतीला वाढून होईपर्यंत वांगी संपायची. साळूबाई शेवटी बसायची, पितळी पळीने पातेल्याचा तळ खरवडायची आणि म्हणायची, "मला बाई खरवडच आवडते."

एके दिवशी पळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जन्मात अख्खं वांगं खाल्लंयस का कधी? मग खरवड आवडते हे ठरवलंस कशावरून?"

साळूबाईने हसून पातेलं घासायला घेतलं. पण पळी गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत ती पातेल्यात रुतून बसली.

"वाढ की लवकर!" साळूबाईचा नवरा गुरकावला.

"पहिलं वांगं साळूबाईच्या ताटात पडल्याशिवाय मी हलणार नाही!" पळी कडाडली.

"अगं, तिला खरवड आवडते."

"एवढी गोड लागते, तर आजवर तुमच्यातल्या एकानेही कशी मागितली नाही?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नवऱ्याने मुकाट्याने एक अख्खं वांगं बायकोला वाढलं. साळूबाईने घास घेतला आणि ती थबकली.

"अगं बाई," ती पळीला हळूच म्हणाली, "मसाला पार देठापर्यंत मुरतो होय!"