गाढववळण

खैरवाड्याच्या बंधाऱ्यावरून निघालेला पाट मैलभर सुतासारखा सरळ जातो. मग एक राखाडी टेकाड लागते. तिथे पाट एकाएकी दक्षिणेला वळतो, टेकाडाला अर्धी प्रदक्षिणा घालतो आणि पलीकडे पुन्हा आपली वाट धरून निमखेडीला पोचतो. या वळशाला गाढववळण म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसतात. शेतोशेती पाण्याची पाळी देणारे इथले पाटकरी, भावडूबाबा, त्यांना हसू देतात.

"हसून घ्या," ते म्हणतात, "मग चपला काढा आणि बसा."

गोष्ट नेमकी कधीची, ते कोणालाच ठाऊक नाही. बाबांचे आजोबाही 'फार पूर्वीची' एवढेच म्हणत. तेव्हा बंधारा होता, पण निमखेडीकडे जाणारा हा पाट नव्हता. गावात धुडकू नावाचा पाटकरी होता. त्याच्या डोक्यावर सतरा हातांचे लाल पागोटे असे आणि त्याहून मोठा असे त्याचा तोरा. त्याची एकुलती लेक धना निमखेडीला दिलेली. निमखेडीच्या बायकांना पाण्यासाठी दोन कोस चालावे लागे. लग्नात धुडकूने भर मांडवात शब्द दिला होता, की वर्षाच्या आत लेकीच्या दारात पाणी आणीन. धनाही त्याचीच लेक. सासरी जाताना ती म्हणाली, "आप्पा, पाणी आलं की मी आखाजीला माहेरी येईन. नाही आलं तर नाही येणार."

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. या मुलखात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लेक आली नाही तर घर सुने पडते.

धुडकूने कामाला हात घातला. काठोकाठ भरलेली परात जमिनीवर ठेवायची, पाणी कोणत्या कडेने सांडते ते पाहायचे आणि त्यावरून उतार ठरवायचा, ही त्याची रीत. चुन्याची रेघ त्याने बंधाऱ्यापासून निमखेडीपर्यंत सरळ ओढली. ती टेकाडाच्या मधोमध गेली. लोक म्हणाले, जरा वळसा घेऊ या. त्यावर तो गरजला, "माझा पाट वाकला तर हे पागोटं गाढवाच्या डोक्यावर बांधीन!" हे त्याने चावडीसमोर म्हटले, असे सांगतात. म्हणजे माघार घ्यायची सोय उरली नाही.

खोदाई टेकाडापर्यंत आली तेव्हा आखाजीला नऊ दिवस उरले होते. टेकाडाची माती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची. राखेसारखी भुसभुशीत. कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरत होती. सगळे खुशीत होते. दुपारी एका कुदळीखाली खणकन् आवाज आला. दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली.

कोणी म्हणाले धन, कोणी म्हणाले करणी. धुडकूने चिंधामायला बोलावले. ती गावची कुंभारीण. मडक्यातले तिच्याइतके कोणाला कळणार? म्हातारी आली, तिने मडक्याच्या काठावरून अंगठा फिरवला. लाल अंगावर काळ्या रेघा होत्या आणि काठाखाली कोणाच्या तरी बोटाचा ठसा.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्या सासूपेक्षा चांगला."

मग तिने मडकी अलगद विलग केली. आत राख होती, शंखाचे चार मणी होते आणि तांदळाएवढे दुधाचे दात.

चिंधामायने आजूबाजूची माती हाताने सारली. खाली चोपलेली जमीन दिसली, बाजूला चुलीचा काळा खड्डा.

"हे घर आहे रे धुडकू," ती म्हणाली. "लेकरू गेलं, पण आईनं त्याला घराबाहेर जाऊ दिलं नाही. पायाखालीच ठेवलं, जवळ. आणि तू त्याच्या अंगावरून पाणी नेणार?"

धुडकू मातीवर बसला. त्याला धना दिसत होती, डोक्यावर दोन हंडे घेतलेली. वळसा घ्यावा तर उतार सापडायला हवा. त्याने परात घेतली. उत्तरेला चढ लागला, दक्षिणेला नाला. दिवस कलेपर्यंत परात मांडून तो थकला. संध्याकाळी चिंधामायची हरणी नावाची गाढवी माती लादून तळ्याकडून भट्टीकडे निघाली. रोजच्या वाटेने, नाल्याच्या अलीकडून टेकाडाला वळसा घालून, रमतगमत.

"तिच्या मागे जा," म्हातारी म्हणाली.

"गाढवाच्या मागे?"

"तुझ्यापेक्षा ती जास्त चालली आहे इथून. लादलेलं गाढव फुकटचा चढ चढत नाही आणि पाय घसरेल असा उतार उतरत नाही."

धुडकूने इकडेतिकडे पाहिले. बघायला अख्खे गाव होते. तरी तो उठला. हरणीच्या मागे वीस-वीस पावलांवर परात ठेवत गेला. प्रत्येक वेळी पाणी केसभर पुढे कलत होते, म्हणे, जितके हवे तितकेच. शेवटच्या परातीपाशी तो इतक्या मोठ्याने हसला, की हरणीने लाथ झाडली.

मडकी होती तशी तोंडाला तोंड लावून परत निजवली, वर माती ओढली. धुडकूने तिथे हात ठेवून सांगितले, "पाण्याचं काम कितीही मोठं असो, या घराला कुदळ लागणार नाही." मग आठ दिवस गाव खपले. बायकांनी पाट्या उचलल्या, म्हाताऱ्यांनी काठ चोपले.

आखाजीच्या सकाळी बंधाऱ्याचे दार उघडले. पाणी टेकाडापाशी आले, क्षणभर थबकले आणि हरणीच्या वाटेने वळले. ते निमखेडीत शिरले तेव्हा धना अंगणात होती. ती हंडा टाकून पाटाच्या काठाकाठाने प्रवाहाच्या उलट दिशेला धावत सुटली. वळणावर तिला बाप भेटला, उघड्या डोक्याचा. शेजारी हरणी उभी होती, कानांसकट लाल पागोट्यात.

"आप्पा," धना म्हणाली, "तिला तुमच्यापेक्षा शोभतंय."

असे सांगतात. खरे किती, खोटे किती, देव जाणे. पण काही वर्षांपूर्वी नव्या जलवाहिनीसाठी मोजणी करणारे लोक आले आणि त्यांनीही चुन्याची रेघ टेकाडातून सरळ ओढली. भावडूबाबा वाद घालायला गेले नाहीत. गाढव घेऊन गेले. त्यांच्यातली तरुण इंजिनीअर बाई आधी पोट धरून हसली, मग गोष्ट ऐकून टेकाडाच्या कडेला वाकली. तिच्या हाती काळ्या रेघांचे एक खापर लागले. तिने काम थांबवले, जाणकारांना बोलावले. नळ आता पाटाच्या शेजारूनच वळतो.

आजही आखाजीला पाटकरी आपले पागोटे गाढवाला बांधतो आणि उघड्या डोक्याने त्याच्या मागे चालतो. पुढे हलगी, मागे माहेरवाशिणी, थट्टामस्करी नुसती. टेकाड आले की हलगी थांबते, हसणे थांबते, पावले हळू पडतात. आत लेकरू निजले आहे. एखाद्या वर्षी गाढव नेमके तिथेच ओरडते, पण त्याला कोणी गप्प करत नाही. वाट त्याची आहे.