भोवरा जाईल चुलीत

या, जवळ बसा. शेपटी असेल तर आवरून बसा. आजच्या गोष्टीत एक शेपटी आहे, आणि ती फार घाईत आहे.

शेपटी होती टिचकीची. टिचकी म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढंसं. मुठीत धरलं तर मूठ रिकामीच वाटेल. ती राहायची सगुणामावशीच्या पडवीत, लाकडांच्या मागे.

सगुणामावशी होती कातारीण. लाकूड कातून खेळणी करायची. तिच्या यंत्रावर लाकूड फिरायचं, घर्रर्र घर्रर्र. मावशी त्याला पटाशी लावायची. पटाशीला लांब दांडा आणि पुढे धार. सुर्रर्र सुर्रर्र, कुरळ्या ढलप्या उडायच्या. लाकडाची व्हायची वाटी. लाकडाचं व्हायचं लाटणं. सगळं बाहुलीच्या मापाचं.

मावशीचा एक नियम होता. जमलं ते फळीवर. चुकलं ते टोपलीत. आणि तिन्हीसांज झाली की टोपली चुलीत.

एके दिवशी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक तुकडा उरला. अगदी शेवटचा.

"टिचके, ह्याचा तुला भोवरा," मावशी म्हणाली.

टिचकी नाचली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. किती दिवसांपासून तिला भोवरा हवा होता.

यंत्र फिरलं. घर्रर्र. भोवऱ्याला मान आली. भोवऱ्याला पोट आलं. आता टोक तेवढं राहिलं. आणि...

खर्रर्रक!

पटाशी घसरली. भोवऱ्याच्या पोटावर पडली खोक. वाकडी, खोल खोक.

मावशीने यंत्र थांबवलं. भोवरा उलटा केला, सुलटा केला. टोपलीत टाकला. टक्. टोपलीत आधीच एक वाटी होती. एक लाटणं होतं. आता भोवराही.

टिचकीच्या मिशा खाली आल्या.

"मावशी, मावशी, भोवरा टाकू नको. दुसरा करशील का?"

"शिवण संपली गो."

"मग हाच नीट कर. खोक कातून काढ."

मावशीने कपाळाला हात लावला. "चुकलं गो माझं. पटाशी बोथट होती. मला ठाऊक होतं. तरी बसले कातायला. आता पुन्हा लावली तर पुन्हा घसरेल. पटाशी कापेल, तर मी कातेन."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली पटाशीकडे.

"पटाशीताई, पटाशीताई,
मावशी कातेना,
भोवरा जाईल चुलीत.
तू कापशील का?"

पटाशी भिंतीला टेकून उभी होती. मान खाली. "नाही बाई. मीच घसरले ना मघाशी? फार वाईट वाटतं. धारच गेली माझी. दगड घासेल, तर मी कापेन."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली धारेच्या दगडाकडे.

"दगडदादा, दगडदादा,
पटाशी कापेना,
मावशी कातेना,
भोवरा जाईल चुलीत.
तू घासशील का?"

दगड म्हणाला, "नाही बाई. कालपासून मी कोरडा. कोरड्या दगडावर धार लागत नाही, नुसते ओरखडे उठतात. मावशीला सांगायला हवं होतं. गप्प बसलो. पाणी भिजवेल, तर मी घासेन."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली विहिरीवर. खाली वाकली. पाणी होतं खोल खोल.

"पाणीबाई, पाणीबाई,
दगड घासेना,
पटाशी कापेना,
मावशी कातेना,
भोवरा जाईल चुलीत.
तू भिजवशील का?"

खालून आवाज आला. "नाऽही बाऽई." विहिरीतलं पाणी असंच लांबवून बोलतं. "मला का पाय आहेत वर यायला? कालपासून वाट बघतेय. कळशी बुडेल, तर मी भिजवेन."

टिचकीने मागे वळून पाहिलं. मावशीच्या घरातून धूर निघाला होता. बारीक, निळा धूर. चूल पेटली की काय?

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कळशी विहिरीच्या काठावरच बसली होती.

"कळशीकाकू, कळशीकाकू,
पाणी भिजवेना,
दगड घासेना,
पटाशी कापेना,
मावशी कातेना,
भोवरा जाईल चुलीत.
तू बुडशील का?"

कळशी म्हणाली, "नाही बाई. सकाळी गेले होते खाली. लोंबकळले. पाण्यात तोंडसुद्धा दिसलं माझं. पण टेकले नाही. तशीच वर आले, रिकामी. दोर पुरेल, तर मी बुडेन."

आता धूर काळा झाला होता. जळक्या लाकडाचा वास येत होता. वाटी की लाटणं? की भोवरा?

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दोर खुंटीवर वेटोळं घालून बसला होता.

"दोरमामा, दोरमामा,
कळशी बुडेना,
पाणी भिजवेना,
दगड घासेना,
पटाशी कापेना,
मावशी कातेना,
भोवरा जाईल चुलीत.
तू पुरशील का?"

दोर म्हणाला, "नाही बाई. काल दुपारपर्यंत पुरत होतो. मग मला डुलकी लागली. आणि कोणीतरी आलं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. माझं टोक कुरतडून नेलं. हे बघ, दात उमटलेत."

टिचकीने पाहिलं. दात होते. दोन. बारीक बारीक.

टिचकीने आपलं तोंड मिटून घेतलं.

काय झालं होतं सांगू? टिचकीचं घरटं टोचत होतं. तिला काहीतरी मऊ हवं होतं. काल दुपारी ती आली होती. केवढा लांब दोर, तिला वाटलं होतं, आणि केवढंसं टोक. कोणाला कळतंय?

दोराला कळलं नव्हतं. कळशीला कळलं नव्हतं. पाण्याला, दगडाला, पटाशीला, मावशीला, कोणालाच नाही. टिचकी गुपचूप घरी गेली असती तरी चाललं असतं. पण टिचकीला तर कळलं होतं ना. आणि भोवऱ्याच्या पोटावरची खोक तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"दोरमामा," ती हळूच म्हणाली, "ते दात माझे आहेत. चुकलं माझं."

दोराने आपलं तुटकं टोक एकदा पाहिलं.

मग म्हणाला, "माझं टोक मला मिळेल, तर मी पुरेन."

टिचकी धावली. तुरुतुरु नाही हं, सुसाट. घरट्यात शिरली. दोराचं टोक तिने पिंजून पिंजून मऊ केलं होतं. सगळं ओढून काढलं. घरटं पुन्हा टोचरं झालं. तिने वळूनही पाहिलं नाही.

पिंजलेल्या दोराला पीळ कसा घालायचा? एक टोक खुंटीला. एक टोक दातात. आणि टिचकी फिरली गरगर गरगर, गरगर गरगर. टिचकीचाच झाला भोवरा. मग तिने गाठ मारली. पक्की.

"गाठ दिसते," टिचकी म्हणाली.

"दिसू दे," दोर म्हणाला. "पाणी गाठ बघत नाही."

आणि मग?

दोर पुरला. सळसळ सळसळ.
कळशी बुडली. बुडबुड बुडबुड.
पाण्याने भिजवलं. ठिबक ठिबक.
दगडाने घासलं. खस्स खस्स.
पटाशी चमकली. आता कापेल!

इकडे मावशी चुलीपुढे बसली होती. लाटणं चुलीत गेलं होतं. भोवऱ्यावर तिचा हात होता.

"मावशी, मावशी,
दोर पुरला,
कळशी बुडली,
पाणी भिजवतं,
दगड घासतो,
पटाशी कापते,
तू कातशील का?"

मावशीने पटाशी घेतली. धारेवरून हळूच बोट फिरवलं. मग भोवऱ्याकडे पाहिलं.

"कातेन. पण टिचके, भोवरा लहान होईल हं. खोक काढायची तर भोवतालचं चांगलं लाकूडही जातं."

टिचकीला मोठा भोवरा हवा होता. पण तिने मान हलवली. "चालेल," म्हणाली.

घर्रर्र घर्रर्र. सुर्रर्र सुर्रर्र. ढलप्या उडाल्या. भोवरा बारीक झाला, आणखी बारीक झाला. खोक गेली. म्हणजे बहुतेक गेली. केसाएवढी एक रेघ राहिलीच. मावशीने फिरत्या भोवऱ्यावर लाखेची कांडी टेकवली. लाल लाल रंग चढला. केवड्याच्या पानाने घासला. चक्क चक्क चमकला. रेघ तरी दिसतच होती, जवळून पाहिलं तर.

टिचकीने भोवरा कुशीत घेतला. आणि मग ती रडायला लागली.

"आता काय झालं गो?"

"मावशी, दोर मी कुरतडला होता. म्हणून पाणी नव्हतं. म्हणून पटाशी बोथट होती. म्हणून खोक पडली. घरट्यात मऊ हवं होतं मला."

मावशीने तिचे डोळे बोटाने टिपले. मग म्हणाली, "मागायचं होतंस गो."

"सुचलं नाही."

"मलाही थांबायचं सुचलं नाही. कोरडा दगड पाहिला, तेव्हा शेजारून तांब्याभर पाणी आणलं असतं तर?"

दोघी चुलीकडे बघत बसल्या. आत लाटण्याचा निखारा झाला होता. लाटण्यावर एक छोटासा खड्डा होता, बस्स. कातून बारीक केलं असतं तर छान लाटणं झालं असतं. पण लाटण्यासाठी कोणी धावलंच नव्हतं. आता हळहळून काय उपयोग? तरी दोघी हळहळल्या.

टोपलीत वाटी उरली होती. मावशीने ती उचलली. उजेडाकडे धरली. बोटाने वाजवली. फट्ट, असा फुटका आवाज आला. तडा आरपार गेला होता.

"ही नाही होणार नीट," मावशी म्हणाली. "लाकूड ओलं असतानाच कातली मी. हीही माझीच घाई." तिने वाटीवरून एकदा हात फिरवला आणि मग ती चुलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

त्या दिवसापासून मावशीचा नियम बदलला. जमलं ते फळीवर. चुकलं ते आधी हातात. उलटं करायचं, सुलटं करायचं, वाजवून बघायचं. मग ठरवायचं.

मावशीने खाली पडलेल्या ढलप्या गोळा केल्या. भोवऱ्याच्या खोकेभोवतालच्या त्या ढलप्या. मऊ, कुरळ्या. ओंजळभर भरल्या आणि टिचकीच्या घरट्यात पसरल्या.

टिचकी आत शिरली. काहीच टोचलं नाही. भोवरा उशाशी होता. भोवऱ्याचं गेलेलं सगळं तिच्या अंगाखाली होतं. ती कुशीवर वळली. ढलप्या हळूच वाजल्या. कुरुम कुरुम.

गोष्ट कातून झाली. ढलप्या तुम्हाला. पसरा, आणि झोपा.