अवैध चहा

"…आणि एकही चुकीची नोंद आत शिरणार नाही, बुवा! मग अजून बघायचं काय राहिलं?"

शार्दूलने लॅपटॉप बुवांच्या पुढ्यात सरकवला.

टेकडीवरच्या त्या मठात बुवा प्रोग्रामिंग शिकवत. शार्दूल त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे शार्दूलला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

त्याने एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, लिहिली होती. माहिती कशी हवी याचा आराखडा, म्हणजे स्कीमा, तिला द्यायचा. आलेली माहिती त्याच्याशी जुळली तर आत, नाहीतर बाहेर. उद्यापासून मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज तिच्यातूनच जाणार होते. फक्त बुवांचा होकार हवा होता.

"अर्ज जुळला नाही, तर ती काय म्हणते?"

"'अवैध' म्हणते."

"आणि?"

"आणि काय? अवैध म्हणजे अवैध!"

बुवांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"बरं. चालवून बघतो. तोवर मला काहीतरी प्यायला आण."

स्वयंपाकघर साठ पायऱ्या खाली. शार्दूल चहा घेऊन आला.

बुवांनी कपात डोकावून पाहिलं.

"अवैध."

शार्दूल हसला. साखर कमी करून आणला.

"अवैध."

आलं घालून आणला.

"अवैध."

चौथ्यांदा आधण ठेवताना स्वयंपाकीणबाई रत्नाक्कांनी विचारलं, "काय रे, वर वऱ्हाड उतरलंय की काय?"

शार्दूलने दूध बाजूला सारलं. या वेळी त्याने बिनदुधाचा चहा नेला, तोही काचेच्या पेल्यातून.

बुवांनी पेल्याकडे पाहिलं… मग शार्दूलकडे पाहिलं…

"अवैध."

"अहो बुवा!" शार्दूल मटकन खाली बसला. "चुकलंय काय, ते तरी सांगाल की नाही? साखर? दूध? कप? माणसाने नुसतं वर-खाली किती वेळा करायचं?"

"मला ताक हवं होतं."

"मग तसं म्हणायचं ना! पाय मोडले माझे! आणि लायब्ररी? ती तर तुम्ही उघडलीसुद्धा नाही. इतका वेळ करत काय होतात?"

बुवांनी लॅपटॉप हळूच त्याच्याकडे परत सरकवला.

"तीच चालवून बघत होतो."