बारा अंडी आणि राणी केतकावती

एका राज्यात, जिथे डोंगर नावाने हाक मारल्यावर ओ देत आणि पाऊस मोरांना विचारून पडे, तिथे राजा शूरध्वज आणि राणी केतकावती राहत. धनधान्य उदंड होते, शत्रू नावाला नव्हता. उणे एकच होते. राणीने आपल्या एकुलत्या एक लेकीला, हेमकळेला, कधी कुशीत घेतले नव्हते.

त्या घराण्याची रीतच तशी होती. आईची दृष्ट सर्वांत कडक, असे तिथले थोर म्हणत. म्हणून राजघराण्यातले मूल सात वर्षे दाईच्या महालात वाढे. आईने फक्त पौर्णिमेच्या दिवशी जायचे आणि वाळ्याच्या पडद्याअलीकडे बसायचे. राणी जाई. जेवलीस का विचारी, श्लोक किती पाठ झाले विचारी. पलीकडून उत्तर येत नसे. पडद्याच्या फटीतून एक डोळा तेवढा दिसे. मग दाई म्हणे, वेळ झाली. राणी उठून येई आणि त्याच पावली पुढच्या पौर्णिमेची वाट पाहू लागे.

अशी सात वर्षे गेली. लेक पडद्याबाहेर यायचा दिवस उजाडला. राणीला आदली रात्रभर झोप नव्हती. दरबार भरला, तोरणे लागली, आणि अशा वेळी नेमका मायाधर मांत्रिक येऊन उभा राहिला. आमंत्रण नव्हते, पण मांत्रिकांना आमंत्रण कधी लागते?

त्याने राणीला तीन प्रश्न विचारले. "तुझी लेक हसते कशी? रुसली की बसते कुठे? तिला भीती कशाची वाटते?"

राणीने मान खाली घातली. राजा मात्र संतापला. दरबारात दासींचे प्रश्न विचारतो म्हणून त्याने मांत्रिकाला धक्के मारून बाहेर काढवले. उंबऱ्यावर मायाधर वळला आणि एक फुंकर मारून गेला. तोच दाई धावत आली. राजकन्येच्या बिछान्यात राजकन्या नव्हती. एक टोपली होती, टोपलीत बारा अंडी होती आणि बाराही कोमट होती.

टोपलीतून मांत्रिकाचा आवाज आला. "यांतले एक तुझी लेक. उबव, वाढव, ओळख. दाणा तुझ्याच हातचा, चाकरांचा नाही. दर दोन महिन्यांनी येईन, तीनदा येईन. तिसऱ्यांदा चुकलीस तर ती जन्मभर पाखरूच राहील."

त्या राज्यात कोंबड्या बोलत. माणसे ऐकत नसत, म्हणून त्या फारशा बोलत नसत इतकेच. मुदपाकखान्यामागच्या परसात एक म्हातारी तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. राणी तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"अंडी उबवीन," तांबडी म्हणाली. "पण बाई, मी अंगणात आणि तू महालात, हे चालायचे नाही."

राणीने परसात खोप बांधून घेतली आणि राहायला आली. एकविसाव्या दिवशी अंडी फुटली. बारा पिल्ले, बाराही पिवळी. राजाने सोन्याचा पिंजरा पाठवला. तांबडीने तो पायाने उलथून टाकला. मग वेताचे डालगे आले. कण्या कशा भिजवायच्या, पाण्यात पिल्लू बुडू नये म्हणून ताटलीत खडे का घालायचे, घारीची सावली पडली की काय करायचे, सारे राणी शिकली. शालूला शीट लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिला रडू आले. पाचव्या दिवशी ती शालू सोडून साधे लुगडे नेसली.

महिन्याभरात पिसे आली तशी पिल्ले निरनिराळी दिसू लागली. एक पांढरेशुभ्र होते. मान ताठ, दाण्यावर पहिले तेच, बाकीच्यांना टोचून मागे सारणारे. राणीने त्याचे नाव ठेवले दिमाखी. राजाचे रक्त लपते का, असे ती मनात म्हणे. बाकीच्यांकडे तिचे लक्ष नव्हते.

दोन महिन्यांनी मायाधर आला. राणीने बेधडक दिमाखीकडे बोट दाखवले. "ही."

"नाही," मायाधर म्हणाला. त्याने दिमाखीला झोळीत टाकले आणि चालता झाला.

अकरा उरली. आता राणीचा जीव थाऱ्यावर राहीना. ती एकेकीला निरखू लागली. कुरकुरी खातानाही तक्रार करी. चोरटी दाणा उचलून कोपऱ्यात पळे, जणू मागे फौज लागली आहे. भटकी रोज कुंपणापलीकडे जाई आणि परतायचा रस्ता विसरे. धाकली दुसऱ्यांच्या पोटाखाली झोपे. एकाला तुरा फुटला आणि ते आरवू लागले, तेव्हा ती राजकन्या नव्हे एवढे राणीला न सांगता कळले.

आणि एक होती लाडी. राणी बसली की लाडी मांडीवर. राणी उठली की पायात. राणीच्या कुशीत मान खुपसून ती डोळे मिटी, तेव्हा राणीचा ऊर भरून येई. सात वर्षे जे मागितले ते हेच, असे तिला वाटे.

एक करड्या रंगाची होती, तिला राणी आडोशी म्हणे. ती सदा डालग्यामागे. राणी दूर गेल्याशिवाय दाण्याला यायची नाही. राणी सकाळी खोप झाडी तेव्हा दाराआड रोज शीट पडलेली असे. ही तिथे तासन् तास उभी राहते हे तिला ठाऊक होते. "भित्री मेली," राणी म्हणे आणि झाडून टाकी.

मायाधर दुसऱ्यांदा आला. राणीने लाडीला छातीशी धरून म्हटले, "ही. माझा जीव सांगतो."

"जीव लाडावलेला आहे," मायाधर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. लाडी मुकाट त्याच्याही कुशीत शिरली, डोळे मिटून पडली. तिला ऊब हवी होती, कुणाचीही. तो तिला झोळीत घालून निघून गेला.

राणी त्या दिवशी जेवली नाही. लेक गेली नव्हती, तरी लाडीसाठी ती रडत राहिली, आणि दिमाखीसाठीही, जिच्यासाठी तेव्हा तिने एक टिपूस गाळले नव्हते. तांबडी जवळ येऊन बसली.

"बाई, तुला हवी तशी लेक तू शोधतेस," ती म्हणाली. "आहे तशी शोध."

"कशी शोधू? मला ती कशी आहे हेच ठाऊक नाही."

"मग तेवढे तरी कबूल झाले," तांबडी म्हणाली आणि पंखात चोच खुपसून झोपी गेली.

पुढचे दोन महिने राणीने कुणाकडे लेक म्हणून पाहिले नाही. दहांना दहा म्हणून वाढवले. चोरटीला तिच्या कोपऱ्यातच दाणा टाकला. भटकीला रोज शोधून आणले. कुरकुरीची गाऱ्हाणी ऐकून घेतली. पाखरांच्या नखांनी ओरबाडून, रोज धुऊन तिच्या लुगड्याचा पदर विरत गेला. महालात कुणी ओळखले नसते तिला आता.

शेवटचा दिवस आला. मायाधर परसात शिरला, त्याने फुंकर मारली आणि डालगे, खोप, खुराडे, झाडाची कुंडीसुद्धा नाहीशी झाली. सपाट उघडे अंगण राहिले. दुसरी फुंकर मारली, आणि दहाही पाखरे पुन्हा पहिल्या दिवसाची पिवळी पिल्ले झाली. एकीसारखी दुसरी.

"ओळख," तो म्हणाला.

राणी खाली बसली आणि तिने कण्या पसरल्या. पिल्ले धावली. चिवचिवत खाते ती कुरकुरी. कोपऱ्याकडे पळाली ती चोरटी. कुंपणाकडे निघाली ती भटकी. नऊ पिल्ले राणीने पाहता पाहता ओळखली. दहावे अंगणाच्या मधोमध उभे होते आणि थरथरत होते. त्याला लपायला जागा नव्हती. ते एकदा इकडे धावे, एकदा तिकडे, पण पळून जात नव्हते. राणीपासून तेवढ्याच अंतरावर पुन्हा येऊन थांबत होते.

भित्रे पिल्लू दूर पळते. हे पळत का नाही?

मग राणीला दाराआडची शीट आठवली. भ्यालेले पाखरू रोज माणसाच्याच दाराआड कशाला उभे राहील? डालग्याच्या वेतांमधून जो डोळा दिसे, तो तिच्याकडेच लागलेला असे. तसाच एक डोळा सात वर्षे पडद्याच्या फटीत होता. लेकीने आईला आजवर कधी उघड्यावर पाहिलेच नव्हते. आईकडे पाहायचे ते काहीतरी मध्ये धरून, एवढेच तिला ठाऊक होते.

राणीने डोक्यावरचा पदर ओढला आणि दोन्ही हातांनी आपल्यापुढे पसरून धरला. विरलेल्या सुतांतून पलीकडचे अंगण दिसत होते. जेवलीस का, हे तिने विचारले नाही.

पिवळे पिल्लू एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. पदरापाशी येऊन थांबले आणि सुतांच्या फटीला डोळा लावून आईकडे बघू लागले.

"हेमकळे," राणी म्हणाली. "ही माझी आहे."

मायाधराने झोळी सोडली, दिमाखी आणि लाडी अंगणात उतरल्या, आणि तो आल्या वाटेने निघून गेला. खोप जागेवर आली, डालगे जागेवर आले, नऊ पिल्लांना त्यांची पिसे परत मिळाली. पदरापलीकडे सात वर्षांची मुलगी उभी होती. केसांत पिवळी पिसे होती.

राणीने पदर खाली घेतला नाही. हात भरून आले, दुपार कलली, तरी धरून बसली. शेवटी पलीकडून चार बोटे वर आली आणि हेमकळेनेच पदर हळूच बाजूला केला.

राजाने वाळ्याचा पडदा जाळवला आणि ती रीत राज्यातून उठवली. सात वर्षे मात्र कुणी परत दिली नाहीत. हेमकळा पुढेही कितीतरी दिवस दाराआड उभी राहूनच जेवली. राणी उंबऱ्याशी ताट घेऊन बसे आणि हाक मारत नसे. आता तिला ठाऊक होते, रुसली की लेक कुठे बसते.

केतकावतीला जशी तिची लेक ओळखू आली, तशी ज्याची त्याला ओळखू येवो, आणि दाराआड कुणी फार दिवस उभे न राहो.