भिवराई सुईण कशी रडली

फार वर्षांपूर्वी, जेव्हा प्रवरेकाठचे आसरगव्हाण चाळीस उंबऱ्यांचे होते आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीची उपासना एका लिंबाखाली भरत असे, तेव्हाची ही गोष्ट. गावात भिवराबाई नावाची सुईण होती. लहानथोर सगळे तिला भिवराई म्हणत. आडवे आलेले मूल तिच्या बोटांची चाहूल लागताच पोटातल्या पोटात सरळ होत असे, असे म्हणतात. तिने हातात घेतलेले मूल असे टाहो फोडी की नदीपलीकडचा गुराखी तिथूनच हात जोडी. यात अतिशयोक्ती आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. पण ती दर पिढीत वाढतच गेली, यावरून ही बाई गावाला किती हवी होती ते कळते.

गावात सर्वांत आधी बाप्तिस्मा घेतलेल्या चौघांत भिवराई होती. त्याला वीस वर्षे लोटली होती. उपास असो, प्रार्थना असो, आजाऱ्याच्या उशाशी बसणे असो, तिने कशात कसर ठेवली नव्हती.

त्याच गावात रंभाजी राहत असे. तो मेंढ्या चोरी, दारू पिई, बायकोला मारी. तोही भिवराईच्याच हातांवर जन्मला होता. एके दिवशी तो चोरलेली मेंढी खांद्यावर घेऊन नदीच्या उतारातून पलीकडे निघाला, आणि अर्ध्यातून मागे फिरला. मेंढी धन्याच्या दारात उभी करून म्हणाला, "ही तुमची. नेणारा मेला." पाण्यात काय घडले, हे कोणी पाहिले नाही. तो स्वतः एवढेच सांगे, की येशूने हाक मारली, आणि ओ द्यायला जुना रंभा तिथे नव्हताच.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्याला तान्ह्या मुलाच्या टाळूचा वास येऊ लागला, असे म्हणतात. तो वास भिवराईइतका कोणाला ओळखीचा असणार? रंभाजी शेजारून गेला की तिच्या पोटात कळ उठे. बायका लेकरांवर प्रार्थना करवून घ्यायला आता तिच्याकडे न येता त्याच्याकडे जाऊ लागल्या. एका सकाळी तिने सुनेला जवळ बोलावले.

"सारजे, माझी टाळू हुंग."

सारजाने हुंगली.

"कसला वास येतोय?"

"एरंडेलाचा, आत्याबाई. आन् चुलीचा."

"आणखी?"

"आणखी कसला यायला पायजे?"

मत्सर बहुधा दुसऱ्याच्या धनाचा असतो, आणि ते धन त्याने मिळवलेले तरी असते. भिवराईचा मत्सर अधिक कडू होता. जे मिळावे म्हणून ती वीस वर्षे झिजली, ते एका चोराला नदीच्या मधोमध न मागता मिळाले होते.

रंभाजीने बाप्तिस्मा मागितला. मंडळीची रीत अशी, की त्या माणसाला जन्मापासून ओळखणाऱ्या एकाने उठून साक्ष द्यावी. रंभाजीचे आईबाप वारले होते. मंडळीचे पाळक हरिबा यांनी भिवराईकडे पाहिले.

"उठा, भिवराबाई."

"गुडघं दुखत्यात."

"मग बसूनच सांगा."

"सांगते की. याला एकदा म्या जन्माला घातला. दुसऱ्यांदा कुणाच्या पोटातून आला, ते त्यालाच विचारा. गावात सुईण तर मी एकलीच हाय."

लोक हसले. पाळकही हसले. "शुभवर्तमानात एका म्हाताऱ्या शास्त्र्यानं प्रभू येशूला हेच विचारलं होतं," ते म्हणाले. "हा जन्म वरून होतो, बाई, पाण्यानं आणि आत्म्यानं. त्यात जन्मणाऱ्याची करणी नसते. जन्मताना लेकरू काय करतं, हे तुमच्याइतकं कोण जाणतं?"

"काय करतंय? उघडं येतं आन् रडतं. ह्यो तर हसतोय."

ती उठली नाही, बसूनही साक्ष दिली नाही. बाप्तिस्मा राहिला.

त्या रविवारपासून भिवराईच्या हातात मूल रडेनासे झाले. एक जन्मले, दुसरे जन्मले, तिसरे जन्मले. श्वास घेत, डोळे उघडून तिच्याकडे पाहत, आणि आईच्या कुशीत दिल्यावरच रडत. पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या, "लेकरं भितात तिला." ते तिच्या कानी आले, आणि त्याचाही राग तिने रंभाजीवरच धरला.

पुढे रंभाजीची बायको मैना हिला भर दुपारी कळा सुरू झाल्या. तो भिवराईच्या दारात आला. "आई, चला."

"दुसरी बघ."

"दुसरी कुठं हाय?"

ती निघाली, पण त्याच्या मागे दहा पावले अंतर ठेवून, तो वास नाकात जाऊ नये म्हणून. मूल पायाळू होते. मोठ्या कष्टाने ते बाहेर आले, पण ना श्वास, ना आवाज. तिने पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, आईच्या छातीवर ठेवले. मूल निळे पडत चालले. कोपऱ्यात रंभाजी गुडघे टेकून होता. तो रागावला असता तर तिला सोपे गेले असते. तो म्हणाला, "आई, तुमच्या हातात हाय. तुमाला जमंल तेवढं करा."

तेव्हा भिवराईच्या तोंडून निघाले, "रंभा, तुझं मला बघवत न्हाई. वीस वरसं त्याच्या दारात बसले मी, आन् उचलून घेतलं तुला. तू मरावास असं वाटलं मला. आता माझ्याकडं काही न्हाई, देवा. हात बी रितं झालं."

आणि ती रडली. तो आवाज म्हातारीचा नव्हता, असे म्हणतात. बाहेर बसलेल्या बायका म्हणाल्या, "सुटली गं मैना, रडलं लेकरू." इतक्यात त्यांना दुसरे रडणे ऐकू आले. "जुळं झालं," एकीने सांगितले, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत गावभर पोचली. कोणी ती खोडून काढली नाही.

पुढच्या रविवारी भिवराई कोणी न सांगता उठली. तिची साक्ष आजही शब्दशः सांगतात: "मी याच्यावर जळत होते. खोट्या सोन्यावर कोण जळतं?"

रंभाजीला तिनेच हात धरून नदीत नेले.

आसरगव्हाणात तेव्हापासूनची रीत अशी. कोणी नवा माणूस बाप्तिस्म्याला उभा राहिला, की पाळक त्याच्या गुणांविषयी काही विचारत नाहीत. ते मंडळीला विचारतात, "याच्यावर कोण जळतं?" आणि थांबतात. लोक जमिनीकडे पाहतात, मुले आयांकडे पाहतात. एका वर्षी कोणीच उठले नाही, तेव्हा बाप्तिस्मा पुढच्या रविवारावर गेला. बहुधा मात्र मागच्या रांगेतून कोणीतरी उठते, सगळ्यांदेखत हो म्हणते, आणि भिवराईच्या नावाने नव्या माणसाचा हात धरून त्याला पाण्यापर्यंत नेते. त्या वेळी दोघांतला कोण नव्याने जन्मतो आहे, असे गावात कोणी विचारत नाही.