करडीबाई आणि बिनधुराची ऊब

त्या राज्यात ऊब फक्त चुलीचीच मानली जात असे. धूर निघाला, भांड्याचं बूड काळं झालं, म्हणजे काम झालं. सात दिवस तळणीला लागलेल्या तेलाला आठव्या दिवशी मोरीत ओतायचं, असा तिथला रिवाज होता.

करडीबाईचा आज आठवा दिवस. करडईच्या घाण्यातून लख्ख उतरलेली ही बाई आता पार काळवंडली होती. पण ताठा तसूभरही उतरला नव्हता, आणि का उतरावा? अख्खं राज्य तिच्यावर पोसलं होतं.

"चूलबाई, मला अजून काम द्या," ती म्हणाली.

"अगं, आणखी तापवलं तर जळून जाशील. माझ्या हातात आता काही नाही."

चूल खोटं बोलत नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मायक्रोवेव्हच्या पेटीतली लहर पुढे झाली. ही ना पेटायची, ना धुमसायची, म्हणून तिला कुणी खिजगणतीत धरत नसे.

"बाई, मी बाहेरून भाजत नाही, आतल्या कणाकणाला हलवते. फक्त सोबत काही आणू नका. पाण्याचा थेंबसुद्धा नको."

करडीबाईने तळणीचा सगळा चुरा गाळून टाकला. पण सोबत्याला सोडून जाणं त्या राज्यात नीचपणाचं समजत, म्हणून भज्यांच्या पिठातून आलेला पाण्याचा एक थेंब तिने पोटाशी लपवलाच. लहरीच्या सांगण्यावरून मद्यार्क आणि जहाल क्षार तिच्यात मिसळले, लहर आत शिरली, आणि त्या थेंबापायी बाईंच्या निम्म्या अंगाचा साबण झाला! भांडी खो खो हसली. करडीबाईला रडूच कोसळलं.

"जा रे बाबा, मोकळा हो," ती शेवटी थेंबाला म्हणाली. लहरीने त्याला वाफ करून सोडून दिलं.

उरलेल्या अर्ध्या अंगानिशी ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा मद्यार्क आणि क्षार मिसळून घेतले आणि लहर आत शिरली. चुलीवरच्या आधणाला उकळी फुटायच्या आत काम फत्ते! आतलं जडपण चिकट पाक होऊन तळाशी बसलं आणि वर करडीबाई राहिली, पातळ, हलकी, नितळ.

"आता ओता मोरीत, बघू कोण ओततंय!" ती म्हणाली. कुणीच पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवरची मालनाव, इंजिनात इंधन म्हणून भरलेल्या करडीबाईच्या जोरावर, धडधडत प्रवाहाविरुद्ध वर आली आणि घाटाला लागली. नावेत चुलीसाठी लाकडं होती.