घंटेला बांधलेलं फडकं

"मग हा राग जातो तरी कधी, फादर?"

फादर जोकीम वाल सोलत बसले होते. निवृत्त झाल्यापासून चर्चमागच्या खोलीच्या ओट्यावर ते असंच काहीतरी हाताशी घेऊन बसत, आणि गाव आपापले प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येई. आज पवित्र शनिवार होता, ईस्टरच्या आदला दिवस, आणि समोर ऑस्विन उभा होता.

ऑस्विन सेमिनरीतला ब्रदर, धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारा. पवित्र आठवड्याच्या मदतीला वसईच्या या गावात आलेला. पास्का, म्हणजे ईस्टर, झाल्यावर त्याला डिकनपदाची, धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळायची होती. पण त्याच्या पायाशी बॅग होती, आणि ती भरलेली होती.

"सगळा उपवासकाळ मी चहा सोडला. मासळी सोडली. उशीसुद्धा सोडली, फादर. कुणावर आवाज चढवला नाही. आणि आज..."

"आज सगळ्या गावाने ऐकलं," फादर म्हणाले.

गावाने दोन गोष्टी ऐकल्या होत्या. आधी घंटा, मग ऑस्विनला.

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीताला घंटा वाजते आणि मग मुकी होते. शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या मिस्सेत, पुन्हा गौरवगीतालाच ती बोलते. मधे चुकूनही वाजू नये म्हणून घंटेच्या आतल्या लोलकाला मांजरपाटाचं जाड फडकं गुंडाळून ठेवतात. शनिवारची तालीमही फडक्यासकट होते. घंटा हलते, आवाज होत नाही.

आज दुपारी तालमीत फडकं सुटलं आणि घंटा दणक्यात वाजली.

शेतातली माणसं कामं टाकून उभी राहिली. नातालीन आजींनी तर पास्का झाला असं समजून भाजलेला बोंबील तोंडात टाकला. येशू यंदा लवकर उठला, असं म्हणून पोरीबाळी हसत सुटल्या.

ऑस्विन हसला नाही. त्याने दोराशी उभ्या असलेल्या मिंगेलकाकांना सगळ्या गायकवृंदासमोर फाडून खाल्लं. "इतकी वर्षं घंटा वाजवताय, एक गाठ मारता येत नाही? पवित्र दिवसाची थट्टा केलीत! तुमच्या हातात दोर द्यायलाच नको होता!"

मिंगेलकाका काही बोलले नाहीत. मनोऱ्यावर चढले, फडकं पुन्हा बांधलं, खाली येऊन दोर खुंटीला अडकवला आणि घरी निघून गेले.

"मी धर्मगुरू व्हायच्या लायकीचा नाही," ऑस्विन म्हणाला. "सात वर्षं मी स्वतःला घडवतोय. एका क्षणात सगळं मातीत गेलं."

फादरांनी एक वाल सोलला.

"हे पापनिवेदन आहे की राजीनामा?"

ऑस्विनने बॅगेकडे पाहिलं.

"पापनिवेदन असेल तर बस. राजीनामा असेल तर बिशपांकडे दे. माझ्याकडे वाल आहेत."

"फादर, मी मनापासून बोलतोय!"

"मग खरं सांग. कशाचं जास्त लागलं? मिंगेल दुखावला याचं... की ऑस्विन चुकला याचं?"

ऑस्विनचं तोंड उतरलं. त्याने बॅगेचा बंद उगाच घट्ट केला.

"ऑस्विन चुकला याचं," तो शेवटी पुटपुटला.

फादरांनी सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर हात रेटून उठले.

"चल. निघण्याआधी एक काम कर. मिंगेल तर घरी गेला. आज रात्री घंटा कुणीतरी वाजवायला हवी ना?"

मनोऱ्याच्या तळाशी छोटी खोली होती. वर घंटा, तिच्या लाकडी दांड्याच्या दोन टोकांना दोन दोर, आणि ते खाली खोलीत लोंबकळणारे. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं. मग उलट. मिंगेलकाकांच्या जोडीला त्यांचा भाऊ असे. तो मागच्या पावसाळ्यात वारला, म्हणून यंदा दुसऱ्या दोराला ऑस्विन उभा राहिला होता. आपण होऊन. घंटा म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून.

फादरांनी मिंगेलकाकांचा दोर घेतला.

"ओढ."

ऑस्विनने ओढलं. दंडात जोर भरपूर. वरती लाकूड करकरलं.

"आता सोड."

ऑस्विनने दोर सैल केला, पण जरासाच. फादर आपला दोर ओढू लागले तोच त्याने पुन्हा हिसका मारला. वर दांडा थरथरला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात खांद्यापासून वर खेचले गेले. फादर कळवळले.

"लागलं का, फादर?"

"ओढ."

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. ऑस्विनचा झगा घामाने पाठीला चिकटला. घंटा झुलायचं नाव घेईना.

"माझा जोर कमी पडतोय का?"

"जोर?" फादर हसले. "अरे, तुझ्या जोराने ती बिचारी अडकून पडलीय. ओढलंस ना? मग सोड. पूर्ण."

"सोडला आणि ती थांबली तर?"

फादर नुसते त्याच्याकडे पाहत राहिले...

ऑस्विनने दोर ओढला. मग बोटं ढिली केली. दोर त्याच्या तळहातातून सरसरत वर गेला. सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण वर काहीतरी जड, मोठं, आपसूक हललं. फादरांनी हलकेच ओढलं. दोर परत त्याच्या हाती आला, स्वतःहून, जणू कुणी आणून दिला.

घंटा झुलू लागली. मुकी, पण झुलू लागली.

ऑस्विनचा चेहरा उजळला. आणि लगेच पडला.

"फादर... दुपारीही मी असाच हिसके मारत होतो."

फादर दोर ओढत राहिले.

"दुपारी फडकं सुटलं ते गाठीमुळे नाही. माझ्या हिसक्याने सुटलं."

"असेल."

"मिंगेलकाकांना हे कळलं होतं?"

"दुसरा दोर त्याच्याच हातात होता ना?"

घंटा हळूहळू थांबली. ऑस्विन भिंतीला टेकून खाली बसला. आता त्याला जी लाज वाटत होती ती दुपारपासूनच्या लाजेसारखी नव्हती. हिच्यात मिंगेलकाकांचा चेहरा होता.

"आता मी काय करू?"

"माझे खांदे गेले," फादर खांदा चोळत म्हणाले. "घंटेला दोन माणसं लागतात."

ऑस्विन उठला. बॅग ओट्यापाशीच राहिली.

मिंगेलकाका अंगणात खाटेवर सदरा पसरून इस्त्री करत होते. पांढरा, सणाचा सदरा. ऑस्विनला बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

"काका... तुम्ही येणार होता?"

"म्हणजे काय? घंटा काय तुमची आहे, ब्रदर?"

ऑस्विनने एका दमात सांगितलं. "हिसका माझा होता. चूक माझी होती. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होता ना. मोठ्या माणसांच्या मधे कसं बोलायचं?" मिंगेलकाकांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग त्यांचा आवाज बदलला. "लागलं मला, ब्रदर. खोटं कशाला बोलू? माझा भाऊ असता तर आज असं झालं नसतं, हेच मनात येत होतं."

ऑस्विन धुळीत गुडघ्यांवर बसला. पांढरा झगा मातीत गेला.

"मला क्षमा करा, काका."

"उठा, उठा! सणाचा झगा मळवलात. आता तुमच्यासाठीपण इस्त्री तापवायची का मी?"

पण बोलताना त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ऑस्विनला दंडाला धरून उठवलं.

अंधार पडल्यावर चर्चसमोर नवा अग्नी पेटवायला गाव जमलं. सगळ्यांच्या हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या. विधी सुरू व्हायच्या आधी ऑस्विन पुढे आला. झग्यावर गुडघ्यांपाशी मातीचे दोन डाग तसेच होते.

"दुपारी घंटा वाजली ती मिंगेलकाकांमुळे नाही. माझ्यामुळे वाजली. आणि मी ओरडलो त्यांच्यावर. तुम्हा सगळ्यांसमोर ओरडलो, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागतो."

मग अंधारातून नातालीन आजींचा आवाज आला. "आणि माझ्या उपासाचं काय रे, बाबा?"

सगळं गाव खो खो हसलं. मिंगेलकाका सर्वांत मोठ्याने. ऑस्विनही हसला, आणि हसताना त्याला जाणवलं की सात वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

अग्नी पेटला. पास्काची मोठी मेणबत्ती आत गेली. एकेक ज्योत दुसरीला लागत गेली. आत बायबलची वाचनं चालू होती तेव्हा ऑस्विन मनोऱ्यावर चढला, लोलकाचं फडकं सोडलं, खिशात कोंबलं आणि खाली येऊन आपल्या दोराशी उभा राहिला. समोर मिंगेलकाका, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात.

"ब्रदर, भिऊ नका. माझ्याकडे बघा, दोराकडे नको."

आत गौरवगीताचा पहिला सूर लागला. सगळे दिवे एकदम लागले.

मिंगेलकाकांनी ओढलं. ऑस्विनने सोडलं. ऑस्विनने ओढलं. मिंगेलकाकांनी सोडलं.

आणि घंटा बोलली!

काय बोलली ती! मनोऱ्यावरची कबुतरं फडफडत उडाली. केळीच्या वाड्यांवरून आवाज गेला, पार खाडीपलीकडे गेला. आत लोक गळा फाडून गात होते, लहान मुलं बाकांवर चढली होती, नातालीन आजी रडत होत्या. ऑस्विन ओढत होता आणि सोडत होता. दर वेळी दोर त्याच्याकडे परत येत होता. तो मोठ्याने गात होता, बेसूर गात होता, आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

गीत संपलं. दोघांनी दोर सोडले. घंटा तरीही वाजतच राहिली... एक, आणखी एक, आणखी एक. दोघं मान वर करून ऐकत राहिले.

मिस्सा झाल्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत अंगणात थांबले होते. ऑस्विन फादर जोकीमांना शोधत ओट्यापाशी आला. ते त्याच्या बॅगेवर बसले होते.

"हॅपी ईस्टर, फादर!"

"हॅपी ईस्टर! काय रे, बॅग हवीय का?"

ऑस्विनने मान हलवली. "नको."

मग तो त्यांच्याजवळ खाली बसला.

"फादर, मला पुन्हा राग येईल."

"येईल."

"मी पुन्हा कुणावर तरी ओरडेन."

"ओरडशील."

"मग..."

त्याच्या खिशातून मांजरपाटाचं टोक बाहेर लोंबत होतं. फादरांनी ते ओढून काढलं, झटकलं, घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवलं.

"हे धुऊन ठेव. पुढच्या वर्षी लागेल."